भंगारातले शॉकअप, आमची टी: उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, एका लेथवर सुरू झालं. पंपाचे बुश, ऑइल इंजिनचे सुटे भाग, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं टर्निंग, असली कामं असायची. उद्यमनगर हे कोल्हापूरचे जुने नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव घेऊन काम करणारं गाव. "होणार नाही" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणं इथं कमीपणाचं समजतात. त्यामुळं वाकलेला शॉकअप, म्हणजे मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा पाय, घेऊन कुणी दारात आला तर आण्णा त्याला परत पाठवत नसत. हायड्रोलिक प्रेस शेजाऱ्याची, डायल गेज आमचा, असा तो कारभार होता.

शॉकअपचा पाईप सरळ करणं वरवर सोपं दिसतं. पाईप दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा, मधोमध डायल गेज लावायचा आणि हळूहळू फिरवायचा. काटा किती हलतो ते बघायचं. बहुतेक गाड्यांना ०.२ मिमीच्या आत चालतं. त्यापुढं गेलं की सील लवकर गळतं आणि शॉकअप अडकत चालतो. पाईप बहुतेक वेळा खालच्या टीच्या, म्हणजे दोन्ही शॉकअप पकडून हँडलच्या दांड्याला जोडणाऱ्या तुकड्याच्या, लगेच खाली वाकतो, कारण समोरून धडक बसली की सगळा जोर तिथंच येतो. तिथं आण्णा आधी नख फिरवायचे. नखाला सुरकुती लागली किंवा क्रोमला बारीक चीर दिसली, तर तो पाईप प्रेसवर चढत नसे. सरळ दिसायला तो सरळ होतोही, पण तिथली धातू एकदा मार खाऊन बसलेली असते. हा नियम आजही तोच आहे. अ‍ॅल्युमिनियमची टी किंवा बॉटम ट्यूब, म्हणजे शॉकअपची खालची नळी, वाकली असेल तर ती प्रेसला लावायचीच नाही, थेट भंगारात.

सरळ करण्यापासून शॉकअप, टी आणि ब्रेक असा आख्खा पुढचा सेट बांधण्यापर्यंत आम्हाला आणलं ते राजदूत ३५० ने. ही गाडी १९८३ मध्ये आपल्याकडं आली. तिचा मूळ जपानी अवतार, यामाहा आरडी ३५०, पुढं डिस्क ब्रेक घेऊन फिरत होता. आपल्याकडं खर्च वाचवायला ड्रम दिला. तीस हॉर्सपॉवरच्या आसपासची टू-स्ट्रोक गाडी आणि थांबवायला ड्रम! कोल्हापूर-पन्हाळा रस्त्यावर ज्यांनी ती चालवली त्यांना हे वेगळं सांगायला नको. असा एक गिऱ्हाईक पल्सर २२० चा पुढचा सेट गोणीत भरून घेऊन आला. ३७ मिमीचे पाईप, २६० मिमीची डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळं एका अपघाती गाडीचं. म्हणाला, "मालक, हे माझ्या गाडीला बसवून द्या."

बसत नाहीच. दोन गाड्यांच्या नेकची, म्हणजे चेसिसच्या ज्या नळीत हँडल फिरतं तिची, उंची वेगळी, बेअरिंगची बैठक वेगळी, स्टेमची, म्हणजे त्या नळीतून जाणाऱ्या टीच्या दांड्याची, जाडी वेगळी. गॅरेजवाले अशा वेळी स्टेम कापून वेल्डिंग मारून मोकळे होतात. ते काम आम्ही कधी केलं नाही, करणारही नाही. हँडलचा सगळा भार त्या एका जोडावर असतो. आम्ही जुना स्टेम प्रेसवर दाबून टीमधून बाहेर काढला आणि ईएन २४ पोलादाचा नवा स्टेम लेथवर घेतला. टीच्या भोकापेक्षा तो तीन-चार शतांश मिमी जाड ठेवला, म्हणजे घट्ट दाबून बसतो. खाली खांदा ठेवला, म्हणजे वर निसटायची सोय नाही. सुट्या गोळ्यांच्या कोन सेटऐवजी टेपर रोलर बेअरिंग घातली. ३२००६ नंबरची बेअरिंग कुठल्याही बेअरिंगवाल्याकडं मिळते: आतून ३०, बाहेरून ५५, जाडी १७ मिमी. नेकच्या भोकात ती बसत नसेल तिथं रिंग करून घ्यायची. पुढं पंधरा-वीस वर्षांनी कुणी ती गाडी उघडली, तरी त्याला बेअरिंग बाजारात मिळेल, हा त्यातला हिशेब.

त्या एका गाडीवरून तोंडातोंडी नाव झालं. सांगली, बेळगाव, मग पुण्याहून लोक यायला लागले.

माल कुठून येतो, हे सगळेच विचारतात. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार, बुधवार आणि रविवारचा. मुंबईत कुर्ल्याची भंगार गल्ली. इन्शुरन्सनं टोटल लॉस ठरवलेल्या गाड्यांचा माल व्यापाऱ्यांकडून येतो. यात आमचा एक आडाखा आहे: पुढून ठोकलेल्या गाडीचा पुढचा सेट कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. मागून ठोकलेली, पाण्यात बुडालेली किंवा इंजिन जॅम झालेली गाडी शोधायची. तिचं पुढचं टोक धड असतं. शॉकअपवर चेसिससारखा नंबर नसतो, म्हणून कच्ची का होईना पावती आणि ज्या गाडीतून निघाला तिचा नंबर लिहून घेतो. पावती द्यायला कां-कूं करणाऱ्याकडं आम्ही पुन्हा जात नाही.

माल आला की आधी धुतो. मग टी आणि वरच्या प्लेटवर डाय पेनेट्रंट: लाल रंग लावायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची. कुठं केसाएवढी चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ती रेघ आम्ही गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतो. नुसतं सांगून पटत नाही, आणि त्यानंच आणलेला माल असेल तर मुळीच पटत नाही.

खरा भरभराटीचा काळ आला तो ड्यूकमुळं. केटीएमची ड्यूक २०० आपल्याकडं २०१२ मध्ये आणि ३९० त्याच्या पुढच्या वर्षी आली. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनणारी, ४३ मिमीचे उलटे, म्हणजे जाड नळी वर आणि पाईप खाली असलेले, शॉकअप आणि ३०० मिमीची डिस्क असलेली गाडी. ती पडू लागली तसा तिचा पुढचा सेट भंगारात दिसू लागला आणि जो तो आपल्या बुलेटला तो मागू लागला. दिसायला भारदस्त, यात वाद नाही. नाद खुळा म्हणतात तसलं प्रकरण.

पण सेट बदलला की गाडीचा स्वभाव बदलतो, आणि तो कागदावर आधी काढता येतो. हँडलच्या नेकची रेघ जमिनीला जिथं लागते आणि टायर जिथं टेकतो, त्यातलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल जास्त तर गाडी सरळ रस्त्यावर ठाम, वळवायला जड. कमी तर चपळ, पण वेगात हँडल चुळबुळ करतं. समजा नेक उभ्या रेषेपासून २७ अंश कललेली आहे, चाकाची त्रिज्या ३२० मिमी आणि टीचा ऑफसेट, म्हणजे नेकची रेघ आणि शॉकअप यांतलं अंतर, ५० मिमी. ट्रेल १०७ मिमीच्या आसपास येतो. त्याच गाडीला ३० मिमी ऑफसेटची स्पोर्ट्स टी लावा, ट्रेल थेट १२९ वर. महाद्वार रोडच्या गर्दीत ती गाडी वळवून बघा म्हणजे बावीस मिलिमीटर म्हणजे काय ते दंडाला कळतं. आता त्यातच सतरा इंची लहान चाक आणि आखूड शॉकअप लावले, त्रिज्या ३०० झाली, पुढची बाजू पंचेचाळीस मिमीनं खाली आली, तर नेक उभी होते आणि गंमत म्हणजे ट्रेल पुन्हा १०७-१०८ वर येतो. आकडा जुना, गाडी मात्र नाक खाली करून बसलेली. साइड स्टँडवर ती उभी राहायला कुरकुरते आणि स्पीड ब्रेकरला पोट घासते.

म्हणून आम्ही स्वतःची टी करायला लागलो. उंची राखायची आणि लहान चाकही हवं, तर त्याच हिशेबात ऑफसेट ३० ऐवजी ४१ मिमी लागतो. ७०७५ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, काढून घेतो. आमच्याकडं ती मशीन नाही, घ्यायचा विचारही नाही. हप्ते भरण्यासाठी टी विकाव्या लागल्या, तर नको त्या गाडीलाही टी विकली जाते. ड्रॉइंग माझा भाचा करतो. पॉलिटेक्निकचा पोरगा आहे. डोक्यानं तेज, बोलायला तिखट. गिऱ्हाइकाला फोनवर त्यानं उत्तर देऊ नये असा घरात ठराव झालेला आहे.

बारीक कामंच वेळ खातात. एक्सलचे स्पेसर असे घ्यायचे की चाक बरोबर मधे आणि डिस्क बरोबर कॅलिपरच्या मधे. हँडल पूर्ण वळवलं तर पाईप टाकीला लागू नये म्हणून चेसिसवर अडवणूक. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या पिस्टनला जुळणारा: लहान घेतला तर लिव्हर हँडलला टेकतो, मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखा कडक आणि ब्रेक तेवढा लागत नाही. आणि स्प्रिंग. दीडशे किलोच्या आसपासच्या ड्यूकची स्प्रिंग एकशे नव्वदच्या घरातल्या बुलेटला मऊ पडते. वरून स्पेसर घालून दाबली म्हणून ती कडक होत नाही, फक्त गाडी थोडी उचलली जाते. वेढे कापले तर मात्र होते, कारण उरलेल्या कमी वेढ्यांवर तोच भार येतो. लोकांना हे उलटं वाटतं. कापलेल्या लांबीएवढा स्पेसर वर घालायचा आणि तेलाची पातळी जुळवायची.

२०१९ नं हिशेब बदलला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कंपनीच्या मूळ नमुन्यापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतंच. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. ऑर्डरी रोडावल्या. मला स्वतःला कायद्यावर राग नाही. वेल्डिंगचे स्टेम मी डोळ्यांनी बघितले आहेत, त्यांना कुणीतरी अडवायलाच हवं होतं. फक्त नीट केलेलं काम तपासून पास करण्याची सरळ वाट सामान्य माणसाला सापडत नाही, एवढी माझी तक्रार आहे. पुढच्याच वर्षी लॉकडाऊन आला. तेव्हा पुन्हा पंपाचे बुश केले. लेथला काय, जॉब कुठला आहे याचं सोयरसुतक नसतं.

आता रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला दुसऱ्या कंपनीचा सेट आम्ही बसवत नाही. डर्ट ट्रॅकच्या गाड्या आणि प्रदर्शनाच्या गाड्या एवढ्याच करतो, आणि बिलावर तसं लिहितो. पण धंद्याचा मोठा वाटा आज जुन्या गाड्यांच्या मूळ सेटचा आहे. येझदी, आरएक्स १००, जुन्या बुलेट. मैसूरचा येझदीचा जुना कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि आरएक्स १०० ही त्याच वर्षी थांबली. त्या काळचा मूळ माल आता तीन मेलेल्या सेटमधून एक जिवंत करूनच मिळतो. एकाची टी, दुसऱ्याच्या बॉटम ट्यूब, पाईप घासून पुन्हा हार्ड क्रोम करून मूळ मापावर ग्राइंड केलेले. यात कायद्याची भीती नाही आणि गिऱ्हाईक घाई करत नाही. वडिलांची गाडी असते बहुतेकांची.

भाव विचारायला रोज फोन येतात. फोटो पाठवून कोटेशन मागू नका, एवढंच सांगणं आहे. गाडी आणा, निदान नेकचं माप व्हर्नियरनं घेऊन पाठवा: वरचं भोक, खालचं भोक, उंची. टेपनं घेतलेलं माप चालत नाही. सोमवारी उद्यमनगर बंद असतं. इतर दिवशी चहाच्या वेळेआधी आलात तर आण्णाही भेटतात. हल्ली ते लेथवर उभे राहत नाहीत, पण पाईपवर नख अजून तेच फिरवतात.