एवढं जड, ते कुठे जातंय?

ट्रकमध्ये माल भरून झाला, फाळका लागला, की कोणीतरी हमखास म्हणतं, “एवढं जड धूड आहे, ते कुठे जातंय!” आजूबाजूचे माना डोलावतात, कारण ते डोळ्यांना पटतं. चार माणसांनी रेटूनही जे इंचभर हललं नाही, ते आपणहून कशाला हलेल? मालवाहतुकीतलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच असावं, अशी मला दाट शंका आहे.

ब्रेक लागतो तो ट्रकच्या चाकांना. हौद्यातल्या मालाला कोणी ब्रेक लावलेला नसतो. तो आपल्या आधीच्याच वेगाने पुढे निघालेला असतो आणि त्याला अडवायला खाली फक्त हौद्याच्या फळ्यांचं घर्षण असतं. वजन वाढलं की हे घर्षण वाढतं, हे खरं. पण पुढे जाण्याची ओढही तेवढ्याच पटीत वाढते. दोन्हीकडचं वजन उडून जातं आणि हिशेबात उरतं ते एवढंच, की तळ किती खरखरीत आणि ब्रेक किती करकचून. दहा टनांचं यंत्र आणि दहा किलोचं खोकं, तळ सारखा असेल तर एकाच क्षणी निसटतात. पुढे मात्र त्यांचे रस्ते वेगळे होतात. खोकं पुढच्या फळीवर आपटून थांबतं, यंत्र फळीसकट केबिनमध्ये येतं.

युरोपात मालबांधणीचं एक मानक आहे, ईएन १२१९५-१. त्यात धरून चालतात की जोराच्या ब्रेकमध्ये मालाचा पुढे येणारा रेटा त्याच्या वजनाच्या ०.८ पट असतो. वळणावर बाजूला आणि वेग घेताना मागे, वजनाच्या निम्मा. म्हणजे दहा टन मालाचा आठ टन रेटा ड्रायव्हरच्या पाठीशी. लाकडी फळीवर लाकडी खोकं असेल तर त्यातला निम्मा, साधारण चार टन, घर्षण पेलतं. उरलेल्या चार टनांचं काय, हा प्रश्न पट्ट्यांनी सोडवायचा.

आणि इथे पट्टा भल्याभल्यांना चकवतो. रॅचेटच्या, म्हणजे दातेरी खटक्याने आवळायच्या, नेहमीच्या पट्ट्यावर एक लेबल शिवलेलं असतं. त्यावर ‘एलसी’ पुढे २५०० डेकान्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन, असा आकडा वाचला की माणूस खूश होतो: चार टनांना दोन पट्टे झाले! पण हा आकडा पट्ट्याची सहन करण्याची ताकद सांगतो. मालावरून आडवा टाकून आवळलेला पट्टा मालाला धरत नाही, नुसता खाली दाबतो. आणि किती दाबतो, ते त्याच लेबलवर जरा खाली, ‘एसटीएफ’ पुढे लिहिलेलं असतं. तो आकडा बऱ्याचदा ३०० च्या आसपास असतो. हाताने रॅचेट ओढून तेवढाच ताण येतो. पट्टा दोन्ही बाजूंनी खाली ओढतो असं धरलं तरी एका पट्ट्याचा दाब झाला फार तर सहाशे किलो.

आता ढोबळ हिशेब. लाकडावर लाकूड असेल तर घर्षण दाबाच्या ०.४ पटच अडवतं. म्हणून ते उरलेले चार टन निव्वळ दाबून अडवायचे तर दहा टनांचा जादा दाब लागतो, म्हणजे सतरा पट्टे. सतरा! तेही पट्टे अगदी उभे उतरत असतील तर. माल बुटका असेल आणि पट्टा हौद्याच्या तळाशी ३० अंशांत तिरपा जात असेल, तर दाब थेट निम्मा होतो. शिवाय कोपऱ्यांवर घासून रॅचेटचा ताण पलीकडच्या बाजूला पुरता पोचतच नाही. म्हणून जाणकार माणूस एक रॅचेट इकडे, दुसरा तिकडे असा लावत जातो आणि कोपऱ्यावर पट्ट्याखाली गुळगुळीत कोनपट्टी सरकवतो. त्याने ताणही पलीकडे सरकतो आणि पट्टाही कापला जात नाही.

पण खरी गंमत वेगळीच आहे. मालाखाली रबराची चटई घातली की घर्षण ०.४ वरून ०.६ वर जातं आणि सतराचे पट्टे सहावर येतात. आणि माल पुढच्या भक्कम फळीला टेकवून, मध्ये पोकळी न ठेवता लावला, तर फळी पेलेल तेवढा पुढचा रेटा पट्ट्यांवर येतच नाही. मला या दोन गोष्टी फार आवडतात, कारण त्यांत जोर लागत नाही. आवळणाऱ्याचं सगळ्यांना दिसतं, “काय करकचून बांधलंय!” म्हणून त्याची पाठ थोपटली जाते. भरण्याआधी हौद्यातली वाळू आणि तेलाचे डाग झाडून-पुसून घेणाऱ्याकडे मात्र कोणी बघतही नाही. खरं तर अर्धी बांधणी त्याच्या झाडूने झालेली असते.

एवढं करूनही पट्टा सैल पडतोच. डब्यात धान्य भरून डबा दोनदा आपटला की ते खाली बसतं, तसा माल पहिल्या काही खड्ड्यांत बसतो. दोन बोटांनी उंची कमी झाली तरी पट्ट्याचा ताण पार उतरतो. अमेरिकेत त्यासाठी नियमच आहे: पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे साधारण ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी तपासायची, पुढे दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी. सरावलेला ड्रायव्हर चहाला उतरला तरी ट्रकभोवती एक फेरी मारतो आणि जाता जाता प्रत्येक पट्ट्यावर तळहात मारतो. पट्टा टणत्कारला तर पुढे, थुलथुलला तर रॅचेट पुन्हा दोन दात.

दोरीला, साखळीला हेच लागू. पट्ट्याला गाठ मारू नये एवढं फक्त वेगळं सांगायला हवं, कारण गाठीपाशी त्याची ताकद फार घटते.

आणि एक. जड मालाची निदान भीती वाटते, म्हणून तो बांधला तरी जातो. पण मालाच्या टपावर राहून गेलेली पहार, कोपऱ्यात टाकलेला लाकडी ठोकळा, रिकामे क्रेट या मंडळींची नोंद कुठल्याच बिलात नसते. त्यांना माल म्हणतच नाहीत, मग बांधणार कोण? मागून येणाऱ्याच्या काचेवर पहिल्यांदा तेच येतात. उघड्या ट्रकच्या मागे असलो की मी आता यंत्राकडे बघत नाही. त्याच्या टपावर काय राहिलंय ते बघतो, आणि अंतर वाढवतो.