साबण कुठला होता, ते नाही आठवत

‘जाहिरात आवडली का?’ हा प्रश्न आम्ही जाहिरातींच्या चाचणीत अगदी शेवटी विचारतो. आधी विचारला की माणसं परीक्षक होतात आणि भरभरून गुण देत सुटतात. मला हवं असतं ते वेगळंच: उद्या दुकानात गेल्यावर हात साबणाच्या कुठल्या वडीकडे जाणार? इचलकरंजीतल्या एका मंगल कार्यालयात या दोन गोष्टींमधलं अंतर जेवढं उघडं पडलं, तेवढं क्वचितच पडतं.

भांडी घासायच्या साबणाच्या दोन जाहिराती होत्या. एकीत नावाजलेला नट, सासू-सुनेची खडाजंगी आणि शेवटी घसरून पडणारी सासू. कंपनीची सगळी भिस्त हिच्यावर. दुसरी आधीची, साधी: करपलेला टोप, तो घासणारी बाई आणि पाण्यात पडलेली साबणाची वडी. ती तुलनेपुरती ठेवलेली.

बायका निवडल्या होत्या घरचा किराणा स्वतः आणणाऱ्या. कमावत्या माणसाचं शिक्षण किती, आणि पंखा, गॅस, दुचाकी, शेतजमीन अशा ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून तेव्हा आमच्याकडे घरांचे गट पडायचे, त्यातल्या ठरलेल्या गटांत बसणाऱ्या. चाचणीची पद्धत जुनी, १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये होरेस श्वेरिन यांनी रूढ केलेली. आधी विचारायचं, ‘सोडत लागली तर यातला कुठला साबण घ्याल?’ चिठ्ठ्या घ्यायच्या. मग एखादी मालिका दाखवायची, मधे पाच-सहा जाहिराती, त्यात आपली एक. मग पुन्हा सोडत. दोन्ही वेळच्या चिठ्ठ्यांत जो फरक पडेल, तेवढीच त्या जाहिरातीची कमाई.

एका खोलीत नटाची जाहिरात लागली आणि बायका खदखदून हसल्या. शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसलेले कंपनीचे आणि जाहिरात एजन्सीचे लोक खूश झाले. काय आठवतं विचारल्यावर एक मावशी उठूनच उभ्या राहिल्या. “त्यो हिरो दारातनं येतो बघा, आन् सासू धपकन् आपटती!”

“आणि साबण कुठला होता, मावशी?”

त्यांनी बाजारातल्या सगळ्यात जुन्या साबणाचं नाव घेतलं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं. शेजारच्या दोघींनी मान डोलावली. आणखी एक म्हणाली, “साबण न्हाई बाई ध्येनात.” हे होतंच. आपली वडी दिसते शेवटच्या दोन सेकंदांत, तेव्हा बघणारी अजून सासूवर हसत असते. नाव सापडलं नाही की मन तोंडात बसलेलं नाव पुढे करतं, आणि खर्च एकाचा, उजळणी दुसऱ्याची.

साधी जाहिरात दाखवली त्या खोलीत कोणी हसलं नाही. जाहिरात आठवणाऱ्याही कमीच निघाल्या. पण ज्यांना आठवली त्या साबणावरच बोलायला लागल्या. “वडी पाण्यात पडून हुती, तरी लगदा झाला न्हाई.” असं एकीनं म्हटलं आणि बाकीच्या सरसावल्या. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घमेल्यात पाणी घेऊन त्यातच भांडी उरकायची. वडी त्या पाण्यात भिजत राहते. “निम्मी वडी मोरीतनंच जाती की वो ताई. पैसं पाण्यात.” मी पुढचा प्रश्न विचारायची थांबले आणि त्यांना बोलू दिलं. वडी सुतळीला बांधून टांगायची, दोन तुकडे करून एक कोरडा ठेवायचा. अशा युक्त्या आमच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हत्या.

दुसरी सोडत झाली. पहिल्या खोलीतल्या चिठ्ठ्या जवळपास जशाच्या तशा. साध्या जाहिरातीच्या खोलीतल्या आपल्या साबणाकडे स्पष्ट हलल्या.

“पण हसल्या किती!” एजन्सीतला मुलगा कळवळून म्हणाला. त्याचं दुःख मला कळत होतं, हसू खरंच होतं. विनोदानं माल खपत नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. फेव्हिकॉलची ती माणसांनी लगडलेली बस आठवा: चिकटणं काढून टाका, विनोदच उरत नाही. ८०च्या दशकात स्वस्त निरमासमोर सर्फची बाजू जाहिरातकार अलीक पदमसींच्या ललिताजींनी लढवली ती तर सरळ हिशेब मांडून. त्या आठवल्या की सर्फ आठवतोच, कारण हिशेबच सर्फचा होता. इथे मात्र सासू पडायला साबण लागतच नव्हता. तिथे लोणच्याची बरणी ठेवली असती तरी गोष्ट तीच राहिली असती.

नटाचे पैसे देऊन झाले होते, त्यामुळे ती जाहिरात रद्द होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी एवढंच मागितलं की भांडण वडीवरूनच होऊ द्या; सुनेनं ती पाण्यात ठेवली म्हणून सासू चिडू दे. घरात खरंच त्यावरून बोलणी बसतात, हे त्या बायकांनीच सांगितलं होतं. काही दृश्यं नव्यानं काढून त्यांनी ते केलं. फेरचाचणीत साबणाचं नाव बऱ्याच जणींच्या तोंडी आलं, चिठ्ठ्याही हलल्या, पण साध्या जाहिरातीइतक्या नाहीत.

म्हणून अहवालात मी शिफारस केली: कोल्हापूर-सांगलीकडच्या केबलवर साधी जाहिरात चालवा. पहिल्या पानावर तक्त्याच्याही वर त्या ताईंचं मोरीचं वाक्य घातलं, त्यांच्याच बोलीत. ते शुद्ध करून द्या म्हणून निरोप आला, तेव्हा मी नकार दिला.