पॅरिसला जुनं मीनाकामाचं मेडल घेताय? कडी आणि मेडल वेगवेगळं तपासा

180 युरोला फसलेय म्हणून हे लिहितेय. वसईच्या आमच्या आजीचं मरियामातेचं फ्रेंच मीनाकामाचं मेडल हरवलं, तसंच जुनं शोधायला पॅरिसलगतच्या सँ-तुआँच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले.

4 नंबरच्या मेट्रोने पोर्त द क्लिन्याँकूरला अजिबात उतरू नका. तिथून हायवेच्या पुलापर्यंत नकली बूट, बेल्ट, मोबाइल कव्हर, पोरं अक्षरशः अंगावर येतात, आणि बरेच जण हाच तो बाजार समजून परत फिरतात. 13 नंबरने गारिबाल्दीला उतरा, तिथून बाजाराचा रस्ता, रू दे रोझिए, चालत गाठा. शनिवार-रविवारीच जा, मंगळवारी गेलात तर शटरं बघून याल.

आता मेडल. दोन सेंटिमीटरचं, मरियामातेचा निळा झगा. धातूवर बारीक किरणं कोरलेली आणि त्यावर पारदर्शक निळी काच वितळवलेली, त्यामुळे मेडल हलवलं की झगा हलल्यासारखा वाटतो. मी तिथेच विकले गेले! विक्रेता म्हणाला अठराव्या शतकातलं, लिमोजचं (मीनाकामासाठी प्रसिद्ध फ्रेंच शहर), अख्खं सोन्याचं, आणि भिंगातून मेडल अडकवायच्या कडीवरचा गरुडाच्या डोक्याचा, म्हणजे फ्रान्समधला सोन्याचा शिक्का दाखवला. शिक्का खरा होता हो, पण कडीचाच. मेडल निघालं तांब्यावर सोन्याचा मुलामा, हे दुसऱ्या दिवशी एका सोनाराने दोन मिनिटांत सांगितलं. आणि 18 कॅरेटचा तो गरुड 1838 पासूनचा, म्हणजे अठराव्या शतकाची गोष्ट तिथेच संशयास्पद. झग्याच्या कडेला टवका उडाला होता तिथे रेझिन भरलेलं, भिंगातून ते मंद दिसतं, काचेसारखं चमकत नाही. हे मी आधी बघायला हवं होतं, पण ऊन, भूक आणि तो निळा रंग.

मग ट्रेनने लिमोजला जाऊन म्युझियम बघितलं, मस्त दिवस गेला, त्यात सांगण्यासारखं एकच. तिथल्या रंगवलेल्या तांब्याच्या पट्ट्यांना मागूनही मीना चढवतात, नाहीतर भट्टीतून काढून गार होताना तांबं आणि काच वेगवेगळी आकसतात आणि मीना तडकतो. माझ्या मेडलची पाठ कोरी. कोरी पाठ म्हणजे नकली असं नाही, पण नुसत्या लिमोज या नावाचे जास्त पैसे देऊ नका.

बजेट कमी असेल तर चांदीचं घ्या, रानडुकराचं डोकं किंवा खेकडा असा शिक्का शोधा. बिलावर धातू आणि काळ लिहून मागा, विक्रेता टाळाटाळ करायला लागला की सरळ निघा.

आजीने मेडल रोझरीला अडकवलंय. तिला वीस युरो सांगितलेत, तेही तिला जास्तच वाटले.