काटकसरीची रेल्वे

रेल्वेच्या इतिहासाची गोष्ट निघाली की लोक बोरघाटातल्या बोगद्यांवर येतात, मग मोठमोठ्या पुलांवर. सगळी भरमसाट खर्चाची कामं. माझं मन मात्र कुर्डुवाडी, मूर्तिजापूर, पाचोरा अशा नावांपाशी अडतं. मोठ्या गाडीतून इथे उतरायचं, पत्र्याची ट्रंक आणि पोरं सांभाळत फलाटाच्या पलीकडच्या अंगाला जायचं, आणि तिथे निवांत उभ्या असलेल्या बुटक्या गाडीत जागा धरायची. तिची सुटायची वेळ आपण पोचायच्या आधीची असली तरी ती चुकायची नाही, कारण मोठी गाडी आल्याशिवाय ती हलायचीच नाही.

या छोट्या गाड्यांबद्दल लिहिणारे बहुतेक जण हळवे होतात. मला त्यांची वेगळीच गोष्ट आवडते. त्या कमालीच्या चिक्कू होत्या. रुळापासून तिकिटापर्यंत जिथे पैसा वाचवता येईल तिथे तो वाचवलेला होता, आणि आपण ज्याला त्यांचा घरगुतीपणा म्हणतो तो बराचसा या चिक्कूपणातूनच आलेला होता.

बार्शीचं उदाहरण घ्या. ‘जीआयपी’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग सोलापूरकडे गेला तेव्हा बार्शीसारखी व्यापारी पेठ पस्तीसेक किलोमीटर बाजूला राहिली. सर्वांत जवळच्या स्टेशनाला ‘बार्शी रोड’ असं नाव देऊन कंपनी मोकळी झाली. तेच पुढचं कुर्डुवाडी. तिथून बार्शीपर्यंत बैलगाड्या. कापूस, गळिताची धान्यं, सगळं बैलांच्या मानेवर. एवढ्याशा अंतरासाठी साडेपाच फुटी रुंद मार्ग टाकायचा तर त्याचं व्याजसुद्धा सुटलं नसतं.

इथे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर येतो. १८८२ मध्ये तो ‘जीआयपी’त नोकरीला लागला आणि या बार्शीच्या तुकड्यानं त्याच्या डोक्यात घर केलं. १८९५ मध्ये ‘बार्शी लाइट रेल्वे’ ही कंपनी उभी राहिली, १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावली. मार्गाची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या मार्गाच्या निम्म्याहूनही कमी.

पण रुंदी कमी करणं ही सोपी काटकसर झाली, ती कुणालाही सुचते. कॅल्थ्रॉपची खरी हुशारी आसांच्या, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यांच्या, हिशोबात होती. गाडी किती जड आहे हे रुळाला कळत नाही, त्याला फक्त वर आलेल्या चाकाचा भार कळतो. म्हणून त्यानं नियम घातला: इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन जड असणारच, तर त्याला चाकं जास्त लावा आणि भार वाटून टाका. एकदा हे जमलं की रूळ हलका चालतो. बार्शीला वापरलेला रूळ मीटरमागे अवघा पंधरा किलोच्या आसपास होता. आज मुख्य मार्गांवर साठ किलोचा असतो. रूळ हलका म्हणून पूल हलके, पूल हलके म्हणून भांडवल कमी. वळणं तीव्र घेता येत असल्यानं टेकाड आडवं आलं तर फोडायच्या भानगडीत न पडता वळसा घालायचा. ही सगळी सामग्री त्यानं आधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली होती. हाच गृहस्थ पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायच्या छत्र्या बनवत होता. सोलापूर जिल्ह्यातली रेल्वे आणि पॅराशूट ही जोडी मला अजून नीट पचलेली नाही, पण हलक्या वजनाचा ध्यास दोन्हीकडे दिसतो खरा.

मार्ग पसरत गेला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्यांना माणसं इतकी लोंबकळत की पाच टनांचा हिशोब करणाऱ्यानं डोळेच मिटून घ्यावेत. मालाचे डबेही वारकऱ्यांसाठी लावले जात. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला बाकाची अपेक्षा नसावी, असा रेल्वेचा आणि वारकऱ्यांचा दोघांचाही समज असावा.

काटकसर चालवण्यातही होती आणि तिथे ती फारच गमतीदार होते. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत ही रेल्वेची मूळ चिंता. जिथे गाड्या बऱ्याच आहेत तिथे दोन स्टेशनांच्या मास्तरांनी आपसात ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मधला मार्ग मोकळा असल्याची कबुली, घ्यायचं, यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर काढायचा, तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कडीला अडकवायचा आणि ती कडी ड्रायव्हरच्या हाती द्यायची. यंत्रं अशी जोडलेली असतात की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. गोळा ज्याच्याजवळ, त्या तुकड्याचा मालक तो. पुढच्या स्टेशनात गोळा परत यंत्रात पडला की मार्ग मोकळा. मेल गाडीचा फायरमन धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून ती कडी दंडात झेलायचा, ते पाहायला आम्ही पोरं फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहायचो.

छोट्या फाट्यावर मात्र एवढ्या यंत्रांचाही खर्च कशाला? मार्गावर गाडीच एक ठेवा. ती गेली की तीच परत येईल. समोरून यायला दुसरं कुणी नाहीच, मग सिग्नलचे खांब नकोत, ते ओढणारा माणूस नको, रात्री त्यांचे दिवे लावणारा नको. सुरक्षिततेची इतकी पक्की व्यवस्था दुसरी नसेल. फक्त एक अडचण. ती एक गाडी वाटेत बंद पडली की त्या दिवसापुरती त्या फाट्यावरची रेल्वे संपली.

हाच प्रकार माणसांच्या बाबतीत. मोठ्या स्टेशनावर तिकीट बाबू देतो, झेंडी गार्ड दाखवतो, डबे सांधेवाला जोडतो, फाटक फाटकवाला सांभाळतो. इथे दोन-तीन माणसांत सगळं. आडस्टेशनावर गार्ड खाली उतरायचा, तिकिटं फाडायचा, पार्सल मोजून घ्यायचा, आणि मग हिरवी झेंडी दाखवून स्वतःच परत चढायचा. रहदारी नसलेल्या रस्त्यावर फाटकाला माणूस नेमणं परवडत नसे. गाडी अलीकडे थांबायची, गाडीवरचाच एकजण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. आता अशा गाडीला वेग कुठून येणार! आणि जो गार्ड आपल्याला तिकीट देतो, आपली कोंबड्यांची पाटी आपल्या ब्रेकच्या डब्यात ठेवून घेतो आणि आजीबाई चढेपर्यंत शिट्टी फुंकत नाही, तो काही दिवसांनी गावाचाच माणूस होणार.

एक गोष्ट मात्र इथे नोंदवून ठेवतो. चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून, पुन्हा त्याच गाडीत चढणाऱ्या माणसाची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक छोट्या गाडीच्या नावावर आहे. सांगणाऱ्याचा मामा किंवा चुलता त्या वेळी गाडीत असतोच. हरभरा उपटणारा स्वतः मात्र मला अजून भेटायचा आहे.

वऱ्हाडातल्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९१० मध्ये किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. हेतू सरळ होता: यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या कापसाच्या मुलखातला माल मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर आणायचा, तिथून तो मुंबईला आणि बोटीनं विलायतेला. मूर्तिजापूरपासून यवतमाळकडे ११३ किलोमीटर, अचलपूरकडे ७६. मार्ग कंपनीच्या मालकीचा, गाड्या चालवणार ‘जीआयपी’, आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा कंपनीला. बार्शीची रेल्वे सरकारनं १ जानेवारी १९५४ रोजी विकत घेतली. शकुंतलेची मालकी मात्र तशीच राहिली. देश स्वतंत्र झाला, ‘जीआयपी’ची मध्य रेल्वे झाली, तरी अडीच फुटांचा तो मार्ग कागदोपत्री खासगी कंपनीचा.

आणि इथे काटकसरीनं आपलं दुसरं रूप दाखवलं. घर भाड्याचं असलं की भाडेकरू म्हणतो, मी छप्पर का शाकारू? मालक म्हणतो, राहतोय कोण, तू की मी? शकुंतलेचं हेच झालं. रुळांवर मोठा खर्च करायचा कुणी? स्लीपर कुजले की गाडीचा वेग आणखी कमी करायचा, हा सर्वांत स्वस्त उपाय. वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी थांबलं आणि डिझेल आलं, पण रूळ तेच. अचलपूरच्या ७६ किलोमीटरला चार तासांच्या आसपास लागत. सायकलवाला गाडीला मागे टाकतो हा विनोद वऱ्हाडात कुणी विनोद म्हणून सांगत नसे.

तिकीट मात्र एसटीच्या मानानं अगदी किरकोळ होतं, म्हणून शेवटपर्यंत तिच्यात बसणारे लोक होते. मजूर, भाजीवाल्या, शाळकरी पोरं. ज्यांचा वेळ जगाच्या लेखी स्वस्त, त्यांची ही गाडी. तिच्या संथपणाचं कौतुक करणाऱ्या लेखात ही माणसं सहसा दिसत नाहीत. त्यांना संथ गाडी आवडत होती असं समजायला काही आधार नाही; परवडत होती, इतकंच.

ज्यांना चार पैसे जास्त मोजता आले ते केव्हाच एसटीकडे गेले होते. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे ही एसटीची पहिली बस सुटली आणि पुढच्या काही वर्षांत लाल डबा गावागावांत शिरला. छोट्या रेल्वेचं स्टेशन गावात असे थोडंच? रुळाला जिथे चढ कमी आणि जमीन सोयीची, तिथे स्टेशन. गावानं तिथवर चालत यायचं. बांधताना वाचवलेले ते दोन-तीन मैल पन्नास-साठ वर्षांनी रेल्वेच्या अंगाशी आले. बस पाराशी थांबते म्हटल्यावर उन्हातान्हात स्टेशन कोण गाठणार? मालाचंही तसंच. कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतलं पोतं हमालानं पाठीवर घ्यायचं आणि मोठ्या वाघिणीत टाकायचं. ही उचलठेव फारशी महाग पडत नाही असं कॅल्थ्रॉपचं म्हणणं होतं. बैलगाडीशी तुलना होती तोवर ते खरंही होतं. ट्रक आला, अडत्याच्या दारातून निघून थेट मुंबईच्या गोदामात जाऊ लागला, आणि तो हिशोब उलटला.

१९९२ पासून रेल्वेनं सगळे मार्ग एकाच रुंदीचे करायचं धोरण घेतलं. मिरज ते लातूर हा पट्टा टप्प्याटप्प्यानं रुंद होत गेला. पूर्वी मिरजेला रुंद, मीटरगेज आणि अरुंद असे तिन्ही मार्ग एकत्र पाहायला मिळायचे, ते दृश्य संपलं, आणि जुन्या गाडीच्या आठवणींनी कित्येकांचे डोळे पाणावले. माझेही थोडे. मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला पिण्याचं पाणी उरलं नाही आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या गेल्या. एका टाकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी, चार आसांवर. आसामागे साडेबारा टन, टाकीचं स्वतःचं वजन वेगळंच. पाच टनांच्या मार्गावरून ही गाडी मिरजेच्या यार्डाबाहेरही पडली नसती. त्यानंतर बार्शी लाइटसाठी गळा काढताना मी जरा जपूनच असतो.

पाचोरा-जामनेरची गाडी, तिथल्या लोकांची ‘पीजे’, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. तिथेही आता ब्रॉडगेजचं काम काढलं आहे. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही नावं नव्या मार्गावर राहतील, पण आडस्टेशनांवर थांबण्याचा नेम नव्या गाड्या पाळतीलच असं नाही. रुंद मार्गाची गाडी थांबवून पुन्हा वेगात आणायला डिझेल किंवा वीज लागते, वेळ लागतो, आणि चार तिकिटांसाठी तो खर्च कुणी करत नाही. बांधणीतली काटकसर गेली आणि थांब्यांमधली आली.

शकुंतलेचं घोंगडं अजून भिजत आहे. मार्ग रुंद करा ही मागणी जुनी आहे, त्यासाठी आंदोलनं झाली, घोषणाही झाल्या. मधूनच कुणीतरी सुचवतं की तिला आहे तशीच ठेवावी, वारसा म्हणून, पर्यटकांसाठी. मला ही सूचना पटत नाही. हौसेची गाडी हवी असेल तर १९०७ पासून माथेरानची आहे, तिच्यात डोंगर आहे, माकडं आहेत, फोटो छान येतात. यवतमाळच्या माणसाला अचलपूरला जायचं असतं ते बहुधा लग्नाला, दवाखान्यात किंवा तारखेला कोर्टात. त्याला रुंद मार्ग द्या, बरा वेग द्या, आणि दारव्हा-कारंज्याला गाडी थांबवा. आजीबाई चढेपर्यंत शिट्टी न फुंकणारा एखादा गार्ड त्यात मिळाला तर तो वरकड फायदा.