बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या

मे महिना, जळगावात पारा ४५ च्या वर. ४ टीबीचा हार्डडिस्क ड्राइव्ह टकटक वाजायला लागला. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळी खूण, रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागांचा आकडा रोज वाढतोय. सगळ्या सीडी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) उतरवून त्याच्यावरच ठेवलेल्या. आजीच्या कानबाईच्या गाण्यांच्या कॅसेटही.

वॉरंटी ३ वर्षांची, वापरून १४ महिने झालेले. ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत झाला. पण ड्राइव्ह जमा करायचा नाशिकला. पहाटेच्या गाडीने गेलो, तासभर रांगेत थांबलो. काउंटरवरच्या मुलाने बिल मागून-पुढून पाहिलं आणि परत सरकवलं. ‘काका, यावर सिरियल नंबरच नाही.’ बिलावर नुसतं ‘हार्डडिस्क, १ नग’. पेटी आहे, तारीख आहे, शिक्का आहे, ड्राइव्हवर नंबर आहे. नाही म्हणजे नाही. आल्या पावली परत.

दुकानदार म्हणे, ‘भाऊ, जुन्या बिलात आता काही घालता येत नाही.’ चार चकरा मारल्यावर लेटरहेडवर नंबर लिहून सही-शिक्का दिला. पुन्हा नाशिक. मग २३ दिवस ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. शेवटी आला तो रीसर्टिफाइड, म्हणजे दुरुस्त करून तपासलेला. अजून राग जात नाही. एक ओळ लिहायला दुकानदाराला किती वेळ लागला असता?

म्हणून पैसे देण्याआधी पेटीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका, वॉरंटी भारतातली आहे ना बघा, आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. वॉरंटी फक्त ड्राइव्हची असते, आतल्या गाण्यांची नाही. नवा घेताना मी सीएमआर (पट्ट्या एकमेकांवर न चढवता लिहिणारा), ५४०० आरपीएमचा म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांचा, नॅससाठीचा (घरच्या नेटवर्कवर सतत चालू राहणाऱ्या साठवणीसाठीचा) घेतला. गाणी वाजवायला वेग लागत नाही, आणि कमी फिरणारा ड्राइव्ह आपल्याकडच्या उन्हाळ्यात कमी तापतो. रेड, म्हणजे दोन ड्राइव्हवर एकच डेटा एकाच वेळी लिहिणं, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं दोन्ही ड्राइव्हवरून एकदमच जातं. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) कपाटात वर्षानुवर्षं बंद ठेवू नका, उष्णतेत त्यातला डेटा विरतो. आणि यूपीएस हवाच, आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

माझी दुसरी प्रत धुळ्याला भावाकडे होती. तिच्यावरून सगळं उतरवलं. फ्लॅकमध्ये आवाजाचा एमडी५, म्हणजे त्याच्यावरून काढलेला ठशासारखा आकडा, साठवलेला असतो, त्यामुळे फाइल शाबूत आहे का ते तपासता येतं. रात्रभर तपासणी चालवली, एकही चूक नाही. सकाळी पहिली आजीची फाइल लावली. दुसऱ्या कडव्याआधी ती खोकते, मागे कोणीतरी बादली ठेवतं, आणि ती पुन्हा सूर धरते. सगळं जागच्या जागी होतं.