मिलो

आमच्या कुर्डुवाडीत रात्री गाडीच्या भोंग्याने कुणाची झोप मोडत नाही. ग्रिनेलला पहिल्या रात्री तसाच भोंगा ऐकला आणि मला रडू आलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या या लहानशा गावात रेल्वेचा रूळ थेट कॉलेजच्या आवारातून जातो. मालगाडी आली की वर्गाला निघालेली मुलं थांबतात. गावाबाहेर जिकडे बघावं तिकडे मका.

१८४६ साली स्थापन झालेल्या या कॉलेजात मुलं जेमतेम १७००. सगळ्यांना सक्तीचं असं एकच: पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल. मुख्य विषयासाठी लागेल ते सोडलं, तर बाकी काय शिकायचं ते सल्लागाराशी बोलून आपणच ठरवायचं.

बारावीला आमच्या वर्गात १२० जण होते. दोन वर्षांत मी एकही प्रश्न विचारला नाही, तरी मार्क चांगले पडले. इथे एका टेबलाभोवती आम्ही बाराजण. ट्युटोरियलचा विषय होता अन्न. तीन आठवडे मी सगळं वाचून जायचे आणि गप्प बसायचे. मग मॅडमनी बोलावून घेतलं. (इथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून अजून निघत नाही.) माझ्या निबंधातल्या एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. म्हणाल्या, "हे उद्या सगळ्यांना सांग."

ओळ आज्जीबद्दल होती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची आणि घरी अमेरिकेहून आलेल्या मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची, भाकरी व्हायची. दुसऱ्या दिवशी हात गार पडले होते, पण बोलले. ती भाकरी थापताना कशी तुटायची, सुकडी कशी वाटायचे, आज्जी आजही लाल दाणा बघितला की तोंड का फिरवते, सगळं सांगितलं. वर्गात इतका वेळ मी आयुष्यात बोलले नव्हते.

समोर बसलेला कॅन्ससचा मुलगा हळूच म्हणाला, "मिलो? आमच्या शेतात अजून लावतात." त्याने फोनवर फोटो दाखवला. गुडघ्याच्या जरा वर आलेली ज्वारी, लालभडक कणसं.

तो फोटो मी आज्जीला पाठवला. तिने आजवर फक्त दाणा पाहिला होता, पीक कधीच नाही. फोनवर बराच वेळ काही बोलली नाही.

"एवढीशी बुटकी ताटं?" ती म्हणाली. "मग कडबा काय निघत असंल गं?"