मालडोंगरीच्या समोर

जानेवारी सरत आला तरी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधच्या तळ्यावरचं धुकं उन्हं वर आल्याशिवाय हलत नाही. तोवर दुर्बीण गळ्यातच राहू द्यावी, कान उघडे ठेवावेत. अडई बदकांची शीळ आधी येते.

पक्षी मोजायला बसताना ऊन पाठीशी येईल असा काठ धरायचा. ऊन समोरून असलं की लालसरी, थापट्या, तलवार बदक सगळे काळेच दिसतात. आठपट मोठं दाखवणारी ८×४२ ची दुर्बीण पुरते. दहापटीची डोंग्यात फार हलते. पण तळ्यातल्या मालडोंगरी बेटाजवळ डोंगा नेऊच नये. बदकं तिथल्या उथळ पाण्यात विसावलेली असतात. वारकरी (काळा पाणपक्षी) किंवा लालसरीला उडायच्या आधी पाण्यावर धावावं लागतं. परतीच्या लांब उड्डाणासाठी साठवलेली चरबी एका फोटोपायी का जाळायची?

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरायची आणि तेवढे तुकडे थव्यावर पुढे पुढे टाकत जायचं. टिबुकल्या आणि वारकरी हे पाणपक्षी सतत बुडी मारतात, म्हणून लगोलग तीनदा मोजून सगळ्यांत मोठा आकडा लिहावा. मध्येच दलदल हारिण हा शिकारी पक्षी घिरटी घालून गेला तर सगळं उठतं. मग थवे पुन्हा बसेस्तोवर थांबायचं. अर्धवट आकडे जोडले की तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

ऊन चढलं, पाण्यावरची हवा लवलवायला लागली की बदकं सोडून पाणमांजराच्या खुणा शोधाव्यात. काठावरच्या उंच खडकांवर ती एकाच जागी वारंवार विष्ठा टाकतात. ताजी काळपट, उग्र मासळी वासाची. वाळली की पांढरट, आत नुसते खवले नि काटे. चिखलात पाच बोटांचा ठसा दिसला की कुत्रं नाही, कोल्हाही नाही. ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, पाणमांजरांवरचा राग खरा आहे, जाळी फाटतात. पण रात्रभर पाण्यात सोडलेल्या जाळ्यात अडकून पाणमांजरही बुडून मरतं.

वहीत वेळ, वारा आणि पाण्याची पातळी लिहिलीच पाहिजे. पाणी उतरलं की उघड्या टेकाडांवर नदी सुरय पक्षी नुसत्या खळग्यात अंडी घालतात, रंग मातीचाच. गुराख्यांशी आत्ताच बोलायला हवं: मार्चनंतर त्या टेकाडांवर गुरं बसवू नका, कुत्री सोबत आणू नका.